कोऱ्या पानांवरच्या सह्या

अध्यक्षांनी वाटेवर तार ओढली त्याला अठरा दिवस झाले होते, आणि अठरा दिवस मोठ्या बाई शाळेला जाण्याआधी बटाट्याची पोती पाठीवरून वाहत होत्या. शेत मागच्या अंगाला, रस्ता पुढच्या अंगाला आणि मधे अध्यक्षांची जमीन. त्या जमिनीच्या कडेनं तीस वर्षं ट्रॅक्टर जात होता. कुणी परवानगी मागितली नव्हती, कुणी अडवलंही नव्हतं. आता ट्रॅक्टर ओढ्यापलीकडे उभा राहायचा आणि पोती उतारावरून माणसांनी न्यायची. पूर्ण भरलेलं पोतं बाईंना झेपत नसे. त्या निम्मं भरलेलं घेत, दोन्ही हात मागे बांधल्यासारखे धरून कमरेत वाकून चालत. बावन्नाव्या वर्षी गुडघे बोलायला लागतात. बाईंचे गुडघे उतारावर चांगले खणखणीत बोलत.

नवरा पुढं चालायचा. त्याच्या पाठीवर पूर्ण पोतं असे आणि तोंडात एक शब्द नसे. गावात त्याला त्याच्या नावानं कुणी ओळखत नव्हतं. तो 'बाईंचे मालक' होता, आणि हे म्हणताना माणसं हसत, कारण मालकीण कोण हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. तोही त्यांच्याबरोबर हसायचा. पंचवीस वर्षं हसत होता.

जमीन तापायला लागली होती. आठवड्याभरात बटाटे निघाले नाहीत तर मातीतच सडणार, हे सांगायला कुणा जाणत्याची गरज नव्हती. सासूबाई बांधावर बसून नासके वेगळे काढत. नासक्यांचा ढीग रोज थोडा वाढायचा आणि त्या तो मुद्दाम सुनेच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर घालायच्या.

"तुझा तो एक कागद," त्या एकदा म्हणाल्या, "आणि आमची ही एवढी पोती."

उत्तर द्यायला श्वास लागतो, आणि पाठीवर पोतं असताना तो शिल्लक नव्हता.

कागदाची गोष्ट अशी होती. शाळा दोन खोल्यांची, मुलं त्रेचाळीस, शिक्षक दोन. एक मोठ्या बाई, त्या शिकवतही, शाळेच्या मुख्यही त्याच, आणि नळ गळायला लागला तर पाना घेऊन वाकणाऱ्याही त्याच. दुसरे नवे सर. येऊन तीन वर्षं व्हायला आली तरी गावाच्या तोंडी ते नवेच राहिले होते. हे सर अध्यक्षांच्या सख्ख्या बहिणीचे चिरंजीव. अध्यक्ष म्हणजे शाळा समितीचे अध्यक्ष, आणि तसे इतर बऱ्याच गोष्टींचेही.

सरांची नोकरी अजून कच्ची होती. नवा कायदा आला होता, त्यात स्पष्ट लिहिलं होतं: तीन वर्षं पुरी होण्याआधी मुख्याध्यापकानं लेखी शेऱ्यांसह प्रतिकूल अहवाल पाठवला तर माणसाला काढता येतं. मुदत उलटली आणि अहवाल नाही, तर तो आपोआप पक्का, आणि पक्क्या माणसाला हलवायचं म्हणजे डोंगर हलवण्यातला प्रकार. मुदत संपायला बावीस दिवस उरले असताना बाईंनी समितीच्या बैठकीत सांगितलं की अहवाल प्रतिकूल जाणार आहे. अध्यक्षांनी चहा संपवला, कप पालथा घातला आणि ते उठले. दुसऱ्या दिवशी सकाळी वाटेवर तार होती. का ओढली असं विचारायला नवरा गेला, तर अध्यक्ष म्हणाले, "माझी जमीन आहे, मला कडेनं पेरायचंय."

सर वाईट माणूस होते असं बाई कधी म्हणाल्या नाहीत. आवाज गोड, अक्षर सुंदर, आणि मुलांना हसवायचे. पण त्यांना वर्गात बसवत नसे. पहिल्या वर्षी बाई कार्यालयाच्या कामाला गेल्या असताना त्यांनी छोट्यांच्या वर्गाला बाहेरून कडी घातली आणि मामांची मोटार दुरुस्त करायला निघून गेले. भर दुपारी, दोन तास. एकोणीस मुलं आत. बाई परतल्या तेव्हा एका मुलाचं दार ठोकून ठोकून बोट रक्ताळलं होतं आणि डावा कान अधू असलेली एक लहान मुलगी आपल्याच ओल्या कपड्यांत भिंतीकडे तोंड करून उभी होती. तिला वळवायला बाईंना पाव तास लागला.

त्या संध्याकाळी बाईंनी शेरेबुकात सारं लिहिलं, सरांना वाचायला दिलं आणि खाली सही घेतली. सर रडले, पाया पडायला लागले. पुन्हा असं होणार नाही म्हणाले. पुढच्या वर्षी परीक्षेच्या दिवशी गैरहजर. तिसऱ्या वर्षी सहलीला नेलेली दोन मुलं मागं विसरून आले. प्रत्येक वेळी शेरा, प्रत्येक वेळी सही.

आता बाईंची चूक. चूक कसली, सवय म्हणा. बाई कुणाविरुद्धचा शेरा शाईनं लिहीत नसत. पेन्सिलीनं लिहीत. माणूस वर्षभरात सुधारला तर त्याच्या समोर खोडून टाकत आणि म्हणत, जा, पाटी कोरी. त्यांच्या उमेदीच्या काळात आई अंथरुणाला खिळली होती. शाळेत पोचायला उशीर व्हायचा. तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी शाईनं दोन ओळी लिहिल्या. आई गेली, उशीर थांबला, त्या दोन ओळी मात्र अकरा वर्षं बढतीच्या प्रत्येक दारात आधी पोचून बसल्या. मी असं कुणाचं करणार नाही, असं बाईंनी तेव्हाच ठरवलं होतं. सही मात्र ज्याची त्यानं आपल्या पेनानं करायची. ती शाईची असे.

अहवाल लिहायला शाळेत सवड नव्हती. दोन वर्ग एकदम सांभाळायचे आणि मधेच लिहायचं म्हणजे धड ना हे धड ना ते. म्हणून बाईंनी शेरेबुक चार दिवस घरी नेलं, पहाटे पोत्यांआधी बसून शेरे जसेच्या तसे उतरवून काढले, अहवाल पूर्ण केला आणि पाठवून दिला. मूळ शेरेबुक सुनावणीच्या दिवशी दाखवीन, असं खाली लिहिलं. पिशवी स्वयंपाकघरातल्या खुंटीला असायची. घरातली पिशवी. तिला कुलूप कोण लावतं?

एकोणिसाव्या दिवशी सकाळी नवरा म्हणाला, आज तू पोती उचलू नकोस, सुनावणी आहे, कपडे मळतील. बाईंना बरं वाटलं. अठरा दिवसांत तो पहिल्यांदाच धड बोलला होता. त्यांनी त्याला दोन भाकऱ्या जास्त बांधून दिल्या आणि बस पकडली.

शिक्षणाधिकारी साहेबांची खोली लांबुळकी होती. भिंतीला लागून फायली, टेबलावर काच, काचेखाली वाळलेली मुंगी. साहेब वयानं लहान, चेहरा दमलेला. एका बाजूला नवे सर आणि त्यांच्या मागे अध्यक्ष. दुसऱ्या बाजूला बाई, आणि त्यांच्या मागे कुणी नाही. नियमाप्रमाणे बाईंनी अहवाल वाचून दाखवला. साहेबांनी मूळ शेरे मागितले.

बाईंनी शेरेबुक काढलं, खूण घातलेलं पान उघडलं आणि तसंच साहेबांपुढे सरकवलं. स्वतः पाहिलंसुद्धा नाही. पाहायचं काय, त्यांनीच तर लिहिलं होतं.

साहेब पान बघत राहिले. मग दुसरं उलटलं, मग तिसरं. मग पुस्तक फिरवून बाईंपुढे धरलं.

पान कोरं होतं. खाली सरांची सही, निळ्या शाईत, तारखेसह. वर काही नाही. दुसरंही तसंच, तिसरंही.

बाईंना आधी वाटलं, आपण चुकीचं पुस्तक आणलं. मग वाटलं, डोळ्यांना काही झालं. त्यांनी पानावरून बोट फिरवलं. कागद खरबरीत लागला, खूप वेळा घासल्यासारखा. बोटाच्या टोकाला कळलं आणि मग अंगाला कळलं.

सरांनी घसा साफ केला. बोलणं पाठ करून आले होते हे चौथीतल्या पोरालाही समजलं असतं, पण आवाज गोड होता.

"साहेब, बोलायचं नव्हतं. बाई वयानं मोठ्या आहेत," सर म्हणाले. "त्यांनी माझ्याकडून कोऱ्या पानावर सह्या घेऊन ठेवल्या होत्या. म्हणायच्या, माझं ऐकलं नाहीस तर वर काय लिहायचं ते मी ठरवीन. मी कच्चा माणूस. केल्या."

अध्यक्षांनी मान खाली घातली, जणू हे ऐकवत नाही.

बाईंना संताप येण्याआधी थक्क व्हायला झालं. तीन वर्षं त्यांनी या माणसाला प्रत्येक वेळी अजून एक संधी दिली होती. त्या संधी देण्याचाच त्यानं फास केला होता, आणि तो इतका नेमका बसला होता की आपल्या गळ्याला हात लावून बघावंसं वाटलं.

साहेब मूर्ख नव्हते. त्यांनी पान उजेडाकडे धरलं. म्हणाले, इथं काहीतरी होतं आणि खोडलंय, एवढं दिसतं. पण काय होतं आणि कुणी खोडलं हे दिसत नाही. पुस्तक कुणाच्या ताब्यात होतं?

"माझ्या."

"शाळेबाहेर गेलं होतं?"

बाईंनी पुस्तक मिटलं. साहेबांनी उद्या दुपारी बारापर्यंत लेखी खुलासा मागितला. मुदत संपायला तीन दिवस होते. खुलासा समाधानकारक नसेल तर अहवाल बाद आणि सर पक्के, असं त्यांनी कोरड्या आवाजात सांगितलं. ते बरोबरच होतं. कायदा तोच सांगत होता.

बसमध्ये बाईंनी मनातल्या मनात हिशेब मांडला. पुस्तक शाळेत असतं तेव्हा त्यांच्या टेबलाच्या खणात, खणाची किल्ली त्यांच्या गळ्यात. राहता राहिलं घर. घरात माणसं तीन. त्यातली एक त्या स्वतः. हिशेब इतका छोटा होता की तो सुटू नये म्हणून त्या पुन्हा पुन्हा पहिल्यापासून मांडत राहिल्या.

फाट्यावर उतरल्या आणि तो आपोआप सुटला. अध्यक्षांच्या जमिनीच्या कडेनं त्यांचा ट्रॅक्टर येत होता. ट्रॉली शिगोशिग भरलेली, वर सासूबाई बसलेल्या, एका हातानं दोर धरलेला. तार गुंडाळून बांधाला टेकवून ठेवली होती. नवऱ्यानं बाईंना पाहिलं आणि गाडी थांबवली. इंजिन बंद केलं नाही.

बाई बाजूला उभ्या राहून म्हणाल्या, "कधी खोडलं?"

त्यानं नाही म्हटलं नाही. एवढं मात्र मानायला हवं. परवा, म्हणाला, तू अंघोळीला गेलीस तेव्हा. अध्यक्षांनी बोलावलं होतं. वाट कायमची देतो म्हणाले, कागद करून देतो म्हणाले. खोडायला वेळ लागला, तुझं लिहिणं दाबून असतं.

"तो काय बोलणार आहे हे माहीत होतं तुम्हाला? कोऱ्या पानावर सह्या घेतल्या म्हणाला. साहेबांसमोर."

हे त्याला माहीत नसावं. त्याचा चेहरा क्षणभर उघडा पडला. मग त्यानं तो मिटून घेतला. म्हणाला, अहवाल बाद होईल, तुला समज मिळेल, आणखी काय होणार, सरकारी नोकरी आहे. इकडं वर्षाचं पीक मातीत चाललं होतं.

वरून सासूबाई म्हणाल्या, "मीच म्हटलं त्याला. पिशवीही मीच काढून दिली. तुझी शाळा तुझी, गं. शेत सगळ्यांचं आहे."

बाईंनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. अठ्ठावीस वर्षं एका चुलीवर दोघींनी स्वयंपाक केला होता. सासूबाईंचं पडून हाड मोडलं तेव्हा बाईंनी तीन महिने त्यांचं सगळं अंथरुणात केलं होतं. आणि काल संध्याकाळी याच सासूबाईंनी त्यांच्या गुडघ्यांना तेल चोळून दिलं होतं. सगळं झाल्यानंतर. पुस्तक कोरं झाल्यानंतर. बाईंना सर्वांत जास्त लागलं ते हे. शिवी दिली असती तर सोसली असती, ते तेल सोसवेना.

"रस्त्यात उभी राहू नकोस," नवरा म्हणाला. "बस वर. घरी बोलू."

त्या बसल्या नाहीत. चालत गेल्या.

घरी बोलणं झालं, पण फार नाही. त्यानं सांगून पाहिलं की तू खुलाशात लिही, पेन्सिलीचं होतं, पुसट झालं. सगळ्यांचं भागेल. मग आवाज चढवून पाहिला. मग जेवला. शेवटी जे पंचवीस वर्षं हसण्याखाली होतं ते वर आलं. या घरात सारं तुझ्या शाळेच्या घड्याळावर चालतं, म्हणाला. मी बाईंचा मालक. एकदा, फक्त एकदा, या घराचं काही मी ठरवलं.

बाईंना त्याची दया आली नाही असं नाही. पण ती एकोणीस मुलं बंद खोलीत होती, आणि दयेला आधी तिकडं जावं लागत होतं.

सकाळी पोती नव्हती. मोकळी पाठ घेऊन बाई ओट्यावर बसल्या आणि त्यांनी खुलासा लिहिला. शाईनं. शेरे काय होते ते लिहिलं. पेन्सिल वापरली ही माझी चूक, लिहिलं. पुस्तक घरी नेलं ही माझी चूक, लिहिलं. मग थोडं थांबून पुढची ओळ लिहिली: शेरे माझ्या पतीने शाळा समितीच्या अध्यक्षांच्या सांगण्यावरून, जमिनीतील वाटेच्या बदल्यात खोडले. वाचून पाहिलं. एकही शब्द बदलावा असं वाटलं नाही.

नवरा दारात उभा राहून वाचत होता.

"नवऱ्याचं नाव दिलंस," तो म्हणाला.

"हो. मी तुमचं नाव दिलं," बाई म्हणाल्या. "तुम्ही मला दिलंत."

साहेबांनी खुलासा दोनदा वाचला. त्यांना बाईंचं पटलं होतं, ते त्यांनी लपवलं नाही. सरांचं पक्कं होणं चौकशी होईपर्यंत थांबवतो, म्हणाले. नवऱ्याला आणि अध्यक्षांना जबाबाला बोलावणं जाईल. बाईंनी सुटकेचा श्वास घेतला. निम्माच घेऊन झाला होता तेव्हा साहेब पुढं म्हणाले की सरकारी दप्तर शाळेबाहेर नेल्याचं त्यांनी स्वतःच लिहून दिलंय, त्यामुळं कायद्यानं त्यांच्यापुढं दुसरा मार्ग ठेवलेला नाही. चौकशी संपेपर्यंत बाई निलंबित. चार्ज आजच द्यायचा.

"कुणाला?" बाईंनी विचारलं.

साहेब त्यांच्याकडे न बघता शाई टिपत होते. "हजर शिक्षकाला. शाळा रिकामी ठेवता येत नाही."

"हजर शिक्षक ते एकच आहेत."

"मला माहीत आहे, बाई," साहेब म्हणाले. "नवा माणूस मिळेपर्यंत. महिना लागेल, दोन लागतील."

बाईंना वाटलं, हसावं. खोटं बोलणारा वर्गात राहणार होता आणि खरं सांगणारी बाहेर. घरच्यांनी दगा दिला तो वाटेसाठी दिला, त्याला निदान एक कारण होतं. ज्या कायद्यावर भरवसा ठेवून त्यांनी नवऱ्याचं नाव कागदावर घातलं होतं, त्याला तेवढंही नव्हतं. त्यानं फक्त आपलं काम केलं होतं.

त्या शाळेत पोचल्या तेव्हा मुलं घरी गेली होती. सर टेबलाशी उभे होते, खुर्चीत बसावं की नाही हे न ठरवता. त्यांनी बाईंच्या नजरेला नजर दिली नाही. दोघांनी मिळून सामान मोजलं. फळे दोन, बाकं बावीस, घंटा एक, पाण्याची पिंपं तीन, एक गळकं. हजेरीपुस्तक, आवकजावक, दाखल्यांची वही. सरांनी यादीवर सही केली. सुंदर सही होती. मग त्यांनी किल्लीसाठी हात पुढे केला.

बाईंनी किल्ली गळ्यातून काढली, पण मुठीत धरून ठेवली.

"मुलं राहिली," त्या म्हणाल्या.

"त्रेचाळीस. लिहिलंय की यादीत."

"तो आकडा झाला." बाईंनी छोट्यांचं एक बाक ओढलं आणि त्याच्यावर अवघडून बसल्या. गुडघे छातीशी आले. "पहिल्या रांगेतल्या त्या मुलीला डाव्या कानानं ऐकू येत नाही. तिला उजवा कान भिंतीकडे येईल असं बसवायचं नाही. तिच्या मागचा मुलगा सकाळी उपाशी येतो. तो पोट दुखतं म्हणाला की आधी खायला द्यायचं, मग विचारायचं. ओढ्यापलीकडची दोन भावंडं आहेत, पाणी चढलं की त्यांना एकटं सोडायचं नाही. थांबायचं. कोणीतरी न्यायला येईपर्यंत थांबायचं."

"लक्षात राहील, बाई," सर म्हणाले. हात तसाच पुढे होता.

बाईंनी त्यांच्या हाताकडे पाहिलं, मग पहिल्यांदाच सरळ तोंडाकडे.

"लक्षात ठेवू नका. लिहून घ्या," त्या म्हणाल्या. "त्रेचाळीस नावं आहेत. मी सांगते, तुम्ही लिहा, आणि प्रत्येकाखाली सही करा. संपल्याशिवाय किल्ली देणार नाही."

बाहेर कुणीतरी ट्रॅक्टर चालू केला, तो दूर गेला. मग सरांनी वही उघडली आणि खिशातून पेन काढलं. बाईंनी पहिलं नाव सांगितलं.